पत्त्यापुढची एक ओळ : धुळ्याच्या बाडांकापासून डीबगरच्या पॉइंटरपर्यंत

१/२३
समर्थ रामदासांवरील एखादा संशोधनपर ग्रंथ उघडला की तळटीपांत एक नोंद पुन्हा पुन्हा भेटते : समर्थ वाग्देवता मंदिर, धुळे, बाडांक अमुक. बाड म्हणजे हस्तलिखित पानांचा बांधलेला गठ्ठा. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून मिळवलेली अशी बाडे धुळ्यात जतन झाली. बाडांक हा त्या बाडाचा पत्ता. त्यात ग्रंथाचे नाव नसते, कर्ता नसतो, शक नसतो. बाड कोणत्या जागी आहे, एवढेच तो सांगतो.

२/२३
म्हणून यादीत बाडांकापुढे एक ओळ लागते : ग्रंथ कोणता, नक्कल कोणाची, पूर्ण की त्रुटित. ती ओळ नसेल तर अभ्यासकाला प्रत्येक बाड सोडून पाहावे लागेल. ओळ चुकीची असेल तर नुकसान अधिक, कारण तो हवे असलेले बाड न सोडताच पुढे जाईल आणि आपण काय गमावले हे त्याला कधी कळणारही नाही.

३/२३
पत्ता आणि त्याच्यापुढचा सारांश ही जोडी दप्तरखान्यापुरती मर्यादित नाही. संगणकाच्या स्मृतीतही तोच पेच आहे. तिथे पत्त्याला ‘पॉइंटर’ म्हणतात आणि यादी दाखवणाऱ्या साधनाला ‘डीबगर’. पॉइंटरपुढे आपल्याला हवी तशी सारांशाची ओळ दिसू लागायला यंत्र सुरू झाल्यापासून साठेक वर्षे गेली. हा धागा त्या साठ वर्षांचा, आणि त्या ओळीवर किती विसंबावे या प्रश्नाचा.

४/२३
आधी स्मृतीचे स्वरूप पाहू. संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची रांग. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्णत्वास गेलेल्या टिफ्रॅक या संगणकाच्या स्मृतीत असे २०४८ कप्पे होते आणि प्रत्येक कप्पा ४० बिटांचा होता. कप्प्याचा क्रमांक म्हणजे पत्ता. आत एक संख्या. ती संख्या पगाराची रक्कम आहे, अक्षर आहे की दुसऱ्या कप्प्याचा पत्ता, हे कप्पा स्वतः सांगत नाही.

५/२३
चुका शोधण्याची गरज पहिल्याच दिवसांत जाणवली. केंब्रिज येथे एड्सॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव त्याच सुमारास झाल्याचे त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली चुकांच्या निदानावर स्वतंत्र निबंध लिहिला.

६/२३
एड्सॅकवरील एका उपायाला ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणत. आज्ञावली थांबली की स्मृतीतील कप्प्यांत काय उरले ते छापून घ्यायचे आणि कागद घेऊन बसायचे. नाव समर्पक होते. पुढे अनेक वर्षे हीच रीत चालली : कागदाच्या घड्याच्या घड्या आणि त्यावर फक्त आकडे. शेकडो बाडे सोडून जमिनीवर पसरावीत आणि यादी मात्र नसावी, तशी ही स्थिती होती.

७/२३
‘बग’ हा शब्द यंत्रातील दोषासाठी एडिसनच्या काळापासून रूढ होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्रात खरोखरचा पतंग सापडला, तो नोंदवहीत चिकटवला गेला आणि त्या शब्दाला कायमची आख्यायिका मिळाली. दोष शोधणारे साधन ते डीबगर. १९६० च्या दशकारंभी एमआयटीत पीडीपी-१ या संगणकासाठी लिहिलेल्या अशा साधनाचे नाव होते डीडीटी. कीटकनाशकाचे नाव मुद्दामच उसने घेतलेले!

८/२३
डीडीटीने एक मोठी सोय केली. कप्प्याला आज्ञावलीत दिलेले नाव उच्चारून तो पाहता येऊ लागला. क्रमांकाच्या जागी नाव आले. यादीत बाडांकासोबत ग्रंथनाम आले म्हणा ना. पण ज्या कप्प्यात दुसऱ्या कप्प्याचा पत्ता ठेवला आहे, तो उघडल्यावर काय दाखवायचे? नुसता पत्ता, की त्या पत्त्यावर असलेली वस्तू? पॉइंटरचा खरा प्रश्न इथून सुरू होतो.

९/२३
कप्प्यात पत्ता ठेवण्याची कल्पना एकाच ठिकाणी जन्मली नाही. कीव्ह येथे कातेरिना युश्चेंको यांनी १९५५ साली पत्त्यांवरच आधारलेली आज्ञाभाषा रचली. अमेरिकेत हॅरॉल्ड लॉसन यांनी १९६४ साली पीएल/वन या भाषेत पॉइंटर आणला. त्यासाठी २००० साली त्यांचा गौरवही झाला. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी घडवलेल्या सी भाषेने तो घरोघरी नेला. जळगावला १९९० साली विद्यापीठ स्थापन झाले. तिथे संगणकशास्त्र शिकणारा विद्यार्थीही प्रथम अडखळतो तो याच पॉइंटरपाशी.

१०/२३
सी भाषेने पॉइंटरला ‘प्रकार’ दिला. हा पत्ता पूर्णांकाचा, हा अक्षराचा, हा अमुक नोंदीचा. प्रकार म्हणजे कप्पा कसा वाचायचा याची सूचना. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. समोरचा कागद मोडी आहे की बाळबोध की फारसी, हे आधी ठरते आणि मगच वाचन सुरू होते. मोडी कागद बाळबोध समजून वाचू पाहिला तर एखादे अक्षर जुळल्याचा भास होईल, मजकूर मात्र कधीच लागणार नाही. चुकीच्या प्रकाराने वाचलेल्या कप्प्याची गत हीच.

११/२३
१९८६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी हा मुक्त डीबगर लिहिला. त्यात कोणताही पॉइंटर छापला की पत्ता दिसे : षोडशमान पद्धतीतील एक लांबलचक संख्या. एकाच प्रकाराला सवलत होती. पॉइंटर अक्षरांचा असेल तर पत्त्यापुढे अवतरणचिन्हांत मजकूरही छापला जाई. पत्ता आणि सारांश एका ओळीत येण्याचे हे सर्वांत परिचित उदाहरण. सारांशाचा नियम डीबगरमध्येच पक्का केलेला होता : पत्त्यापासून वाचत जा आणि शून्य भेटले की थांब.

१२/२३
हा नियम इंग्रजीच्या मापाने बेतलेला होता. त्यात मराठी शब्द घालून पाहावा. ‘धुळे’ हा शब्द उच्चारात दोन अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्याची चिन्हे चार : ध, उकार, ळ आणि मात्रा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे ‘धुळे’ बारा बाइटांचे आणि ‘जळगाव’ पंधरा बाइटांचे. इंग्रजीत लिहिलेले धुळे पाच बाइटांत मावते.

१३/२३
समोरचा मजकूर यूटीएफ-८ आहे हे डीबगरला ठाऊक नसेल, तर त्याच्या ओळीत ‘धुळे’ असे उमटते : ३४० २४४ २४७, ३४० २४५ २०१, ३४० २४४ २६३, ३४० २४५ २०७. हे अष्टमान पद्धतीतले बारा बाइट. स्मृतीत काहीही बिघडलेले नाही, शब्द शाबूत आहे, पत्ताही बरोबर आहे. सारांश लिहिणाऱ्याला फक्त लिपी येत नाही. मोडी न येणाऱ्या कारकुनाने यादीत ‘वाचता येत नाही असा कागद’ एवढेच लिहून ठेवावे, तसे हे.

१४/२३
लिपीचा हा प्रश्न टप्प्याटप्प्याने सुटला. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही प्रमाण संहिता १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तीत एका चिन्हाला एक बाइट पुरे. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली होती. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचली. डीबगरला अक्षरसंहिता सांगण्याची सोय झाल्यावर ‘धुळे’ धुळ्यासारखे दिसू लागले.

१५/२३
तरीही एक मर्यादा राहते. जीडीबी सामान्यतः मजकुराचे २०० घटक दाखवून थांबतो आणि पुढे टिंबे देतो. घटक म्हणजे बाइट. त्यामुळे इंग्रजीत दोनशे अक्षरे दिसतात, तर देवनागरीत सुमारे ६६ चिन्हे. ही मर्यादा बदलता येते, पण ती आहे हे आधी माहीत असावे लागते. टिंबांपुढे मजकूर आहे हे विसरणारा वाचक दप्तरखान्यातही फसतो आणि डीबगरपुढेही.

१६/२३
दरम्यान वस्तूच गुंतागुंतीच्या झाल्या. १९९८ साली प्रमाणित झालेल्या सी++ भाषेत साधा मजकूरही एका नोंदीत गुंडाळलेला असतो आणि नोंदीच्या पोटात पॉइंटर असतो. डीबगर ही सगळी आतली रचना जशीच्या तशी दाखवी. ‘दासबोध’ एवढा एक शब्द पाहायचा, तर चार कंसांच्या आत शिरावे लागे. यादीने ग्रंथाचे नाव सांगण्याऐवजी रुमाल, दोरी, पुठ्ठा आणि शाई यांचे वर्णन करावे, असा हा प्रकार होता.

१७/२३
यावर उपाय एकच होता : सारांशाचा नियम ज्याची वस्तू त्याला लिहू द्यावा. ऑक्टोबर २००९ मधील जीडीबी ७.० या आवृत्तीत पायथॉन भाषेत असे नियम लिहिण्याची सोय आली. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत एका विशिष्ट फाइलमध्ये नियम लिहिण्याची जुनी रीत होती. २०१२ च्या आवृत्तीत तिची जागा नॅटव्हिस या नव्या पद्धतीने घेतली. ॲपलने २०१० साली जाहीर केलेल्या एलएलडीबी या डीबगरमध्ये २०११ च्या सुमारास ‘टाइप समरी’ आली.

१८/२३
समजा, धुळ्यातील हस्तलिखितांची सूची करणारी एक आज्ञावली आहे. तीत ‘ग्रंथ’ नावाचा प्रकार आहे. त्यात नाव, लेखनिक, शक आणि पानांची संख्या आहे. एलएलडीबीला एका आज्ञेत सांगता येते की ‘ग्रंथ’ दिसला की नाव आणि शक एवढेच एका ओळीत दाखव. आता गंमत अशी की हा नियम ‘ग्रंथ’ या वस्तूसाठी लिहिला, तरी ‘ग्रंथ’कडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरलाही तो आपोआप लागू होतो. पत्ता छापला जातो आणि लगेच पुढे नाव व शक.

१९/२३
जीडीबीचे धोरण वेगळे आहे. तिथे ‘ग्रंथ’साठी लिहिलेला नियम त्याच्या पॉइंटरला सहसा लागत नाही. बाडांक विचारला तर बाडांक मिळेल. आतला ग्रंथ हवा असेल तर पॉइंटरमागे तारांकन लावून तो मागावा लागेल. एलएलडीबीतही पॉइंटर वगळण्याचा पर्याय आहेच, पण तो मुद्दाम निवडावा लागतो. एकाने वाचकाची सोय पाहिली. दुसऱ्याने पत्ता आणि वस्तू यांतला भेद जपला. दोन्ही बाजूंना आधार आहे.

२०/२३
भेद जपण्याचे कारण पॉइंटरच्या पॉइंटरपाशी कळते. एका कप्प्यात दुसऱ्याचा पत्ता आणि तिथे तिसऱ्याचा. एलएलडीबीत प्रारंभी सारांशाचा नियम अशा कितीही पायऱ्यांना लागू होई. नियम लिहिणाऱ्याने तेवढ्या पायऱ्या गृहीत धरलेल्या नसत आणि कधी डीबगरच कोसळे. अलीकडे किती पायऱ्यांपर्यंत नियम लावायचा ते ठरवण्याचा पर्याय आला आहे. इतिहासातही एका ग्रंथाच्या तळटीपेवरून उचललेली तळटीप अशीच असते. मूळ कागद दोन पायऱ्या खाली असतो आणि सारांश मात्र हाती घेऊन पाहिल्यासारखा दिला जातो.

२१/२३
याहून बिकट ठिकाणे दोन. पहिले शून्य पॉइंटरचे : पत्त्याच्या जागी काहीच नाही. ही सोय टोनी होअर यांनी १९६५ साली आणली आणि २००९ साली तिला आपली अब्जावधी डॉलरची चूक म्हटले. सारांशाचा नियम लिहिताना ही शक्यता आधी तपासावी लागते. दुसरे ठिकाण अधिक फसवे. पत्ता जुना, कप्पा मोकळा करून दुसऱ्याला दिलेला; तरी आत जुन्या मजकुराचे अवशेष असतात आणि सारांश अगदी खरा वाटतो. बाड हलवले गेले, यादी मात्र तीच राहिली.

२२/२३
सारांश ही कोणाची तरी निवड असते, हे मराठी अभ्यासकांना ठाऊक आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. पत्र मराठीत आणि त्यावर इंग्रजीत थोडक्यात आशय, अशी त्यांची मांडणी. आशय वाचून पुढे जाणाऱ्याला संपादकाच्या दृष्टीला महत्त्वाचे वाटले तेवढेच दिसते; पत्रातील बाजारभाव, नातलग आणि खेड्यांची नावे तिथे नसतात. डीबगरातही नाव आणि शक दाखवायचे ठरले की चूक पानांच्या संख्येत असली तरी ती ओळीत दिसत नाही. एलएलडीबीत पत्ता झाकून केवळ सारांश दाखवण्याचाही पर्याय आहे. ओळ तेव्हा अधिक नेटकी दिसते, पण एकाच नावाचे दोन ग्रंथ आहेत की एकाच ग्रंथाकडे दोन वाटा जातात, हे मग सांगता येत नाही.

२३/२३
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचे २२ खंड निघाले. राजवाड्यांनी त्यांना लांब प्रस्तावना लिहिल्या, त्यांत ठाम मतेही मांडली, आणि त्यांची अनेक मते पुढच्या अभ्यासकांनी खोडूनही काढली. ती खोडता आली, कारण प्रस्तावनेच्या मागे लेखांक होते आणि प्रत्येक लेखांकाखाली मूळ कागदाचा मजकूर छापलेला होता.